बिनगाठीचे कपडे

उजव्या बाहीची शिवण एकोणीस बोटं लांब होती आणि तिच्या दोन्ही टोकांना दोरा मोकळा सोडलेला होता. ओकबुनने चष्मा पुसून शिवणीवरून पुन्हा बोट फिरवलं. गाठ कुठेच लागली नाही. शेवटच्या कपड्यांना गाठ मारायची नसते, जाणारा अडकून राहतो.

अकरा वर्षांपूर्वीच्या अधिक महिन्यात तिने तागाचे असे दोन जोड शिवून ठेवले होते, एक नवऱ्याचा, एक स्वतःचा. अधिक महिन्यात शिवले की आयुष्य वाढतं म्हणतात. नवरा पुढच्याच हिवाळ्यात होडीसकट बुडाला, हाती लागला नाही. त्याचा जोड तसाच पेटीत राहिला. थेसिक बापाच्याच मापाचा, फक्त हात लांब. म्हणून काल दिवसभर बसून तिने बाह्या दोन बोटं सोडल्या होत्या.

तिचा हा एकुलता एक मुलगा एक्केचाळीस दिवस सोलच्या हॉस्पिटलात मशीनवर होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आता तो शुद्धीवर येणार नाही, असं डॉक्टरांनी तिसऱ्या आठवड्यात सांगितलं. मशीन काढायचं तर बायको आणि आई, दोघींची संमती लागते. सून मीरानने सही केली होती. ओकबुनकडे आलेला कागद तेवीस दिवस तांदळाच्या डब्याखाली पडून होता.

खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला बसमध्ये साडेचार तास बसवत नव्हतं. म्हणून दर सोमवारी ती गोहंगच्या बसअड्ड्यावरून शिंपल्यांची पेज पाठवायची. दुपारी बाराची गाडी साडेचारला सोलला पोचते. पोस्टाने दुसरा दिवस उजाडतो, तोवर पेज आंबते.

थेसिकच्या नाकात नळी होती, हे तिला पहिल्या सोमवारीच माहीत होतं.

आज ती गुरुवारीच आली. पार्सलच्या खिडकीतल्या प्योने खोकं उचलून हातात तोललं.

"मावशी, आज हलकं? शिंपल्यांनी संप केला वाटतं."

"आज पेज नाही."

"बर्फ घातलाय ना? मागच्या वेळी ड्रायव्हर माझ्यावर डाफरला, गाडीभर मासळीचा वास म्हणून."

"खराब होण्यासारखं काही नाही."

"मग काय लिहू?"

"कपडे."

प्योचं पेन क्षणभर थांबलं, मग तो हसला. "म्हणजे घरी सोडतायत लेकाला. एवढ्या दिवसांनी चांगली बातमी दिलीत. जाड आहेत ना? सोलला गारठा आहे."

"एकेरीच आहेत," ओकबुन म्हणाली. "खोकं उभं ठेवू नकोस. घडी मोडेल."

त्याने गाडीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी तिच्या हातात दिली. खोकं गाडीच्या पोटात, दोन पिशव्यांच्या मधे आडवं ठेवलेलं तिने पाहिलं. दार लागलं, गाडी बरोबर बाराला निघाली. पार्सल घेणाऱ्याला नंबर कळवावा लागतो, म्हणून तिने बाकावर बसून सुनेला फोन लावला.

"बाराची गाडी. शेवटचे आकडे चार-शून्य-सात-दोन. साडेचारला उतरवून घे."

"आई, आज गुरुवार," मीरान म्हणाली. "रागावू नका. डबे सगळे फ्रीजमध्येच आहेत. एकही उघडला नाही. आता जागा उरली नाही."

"माहीत आहे मला."

"मग कशाला पाठवत होतात?"

"तू घ्यायला जात होतीस ना. तोवर तो होता."

पलीकडून मॉनिटरची टिकटिक येत होती. तेवढ्याच अंतराने, न चुकता.

"खोक्यात काय आहे, आई?"

"सासऱ्यांचा जोड. बाह्या सोडल्यात. वर माझी सही केलेला कागद आहे."

सही झाल्याचं मीरानने तिकडे कुणाला तरी सांगितलं. मग फोनवर हळू म्हणाली, "इथे हॉस्पिटलच्या खालीच, अंत्यविधीच्या दालनात मिळतात ते. कशाला डोळे फोडलेत?"

"मशीनवर शिवलेले असतात ते. गाठी असतात त्यांना."

"डॉक्टर इथेच उभे आहेत. तुमच्या तोंडून ऐकायचंय म्हणतात. फोन देऊ?"

ओकबुनने चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"दे."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. एका पुरुषाने नाव सांगितलं आणि तो थांबला.

"मी थेसिकची आई," ती म्हणाली. "कपडे साडेचारला येतील. ते आले की मशीन काढा."