किल्लीबाबांचं पाणी आणि डिकीचं बटण

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांत डोकी, कुंपणाच्या भिंतीवर पोरं, आणि मधोमध धुऊनपुसून उभी केलेली एक म्हातारी निळी गाडी. गाडीच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर किल्लीबाबा विराजमान. गळ्यात लहानमोठ्या किल्ल्यांची माळ. कुणाचं लग्न अडलेलं, कुणाची बढती अडलेली, कुणाचा खटला अडलेला. बाबा सगळं सोडवायचे. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथे तर अख्खी गल्ली अडलेली होती.

आज अडली होती ती गाडीची डिकी.

गाडीवाल्या घरची सून दारात हाताची घडी घालून उभी होती. ती दातांची डॉक्टर. समोर सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे, पाठ वळली की दातवाली. सकाळचे पेशंट पुढे ढकलून ती थांबली होती, ते काही भक्तीपोटी नव्हे. सासूबाईंनी अन्न टाकलं होतं.

झालं होतं ते असं. सासरे उन्हाळा संपता संपता गेले. पुढे थंडी पडली आणि डिकीचं बटण आत गेलं ते बाहेर येईना. त्यांच्या मुलाने, म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याने, गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "जुनी गाडी आहे साहेब, आत काहीतरी अडकलं असेल. घेऊन या." मुलाने घरात येऊन तेवढंच सांगितलं, की आत काहीतरी अडकलंय. शेजारच्या काकू नेमक्या तिथेच बसलेल्या. "काहीतरी कसलं? जीव अडकलाय त्यांचा," त्या म्हणाल्या. "किती जीव होता त्यांचा गाडीवर." आता मराठीत जीव आणि अडकणं हे दोन शब्द एकदा शेजारी बसले की पुढे बाबा यायला कितीसा वेळ लागतो? काकूंनीच बाबांना आणलं.

बाबांनी मंतरलेलं पाणी ओतलं, डिकी उघडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठप्प. पुन्हा आले, पुन्हा उघडली, पुन्हा ठप्प. मग त्यांनी डोळे मिटून निदान केलं. "आत्मा रुसलाय. माते, शेवटच्या दिवशी काही वादावादी झाली होती?"

वादावादी कुठल्या नवराबायकोत होत नाही? पण सासूबाईंना तो दिवस आठवला. त्या दिवशी सासरे म्हणाले होते, चल, गाडीतून चक्कर मारून येऊ. त्या म्हणाल्या होत्या, तुम्हाला दुसरा उद्योग नाही, मला कामं आहेत. संध्याकाळी ते गेले. हे त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, म्हणून बाबा त्यांना अंतर्यामी वाटले. तेव्हापासून त्या ना धड जेवत होत्या, ना झोपत होत्या. उपाय बाबांच्या जिभेवर तयारच होता: तिसऱ्यांदा डिकी उघडली की गाडी घरात ठेवायची नाही, आश्रमाला देऊन टाकायची. आश्रमात आत्मे आणि गाड्या, दोघांचीही सोय होती.

"देऊन टाकू गं," नवरा दातवालीच्या कानाशी म्हणाला. "आई जेवली म्हणजे झालं." नवरा स्वभावाने गरीब. आईपुढे आणि बाबापुढे त्याची दातखीळ बसायची.

"आज गाडी देशील. उद्या घरात पंखा अडला तर काय देशील?" ती म्हणाली. "दात दुखतो म्हणून कुणी आलं तर मी आधी तोंड उघडायला लावते. त्याचे पूर्वज विचारत बसत नाही."

तेवढ्यात बाबा उठले. "कुलूप लोखंडाचं नसतं, कुलूप कर्माचं असतं. कर्माला वर्म, वर्माला मर्म, मर्माला किल्ली, आणि किल्ली कुणाकडे?" लोकांनी माना डोलावल्या. जे कळलं नाही ते खोल, असा सगळ्यांचा हिशेब. बाबांनी झोळीतून शालीत गुंडाळलेलं भांडं काढलं. "मागे सरा. सावली पडली तर पाणी बाटतं."

सगळे मागे सरले. दातवाली पुढे वाकली. बाबांनी बटणावर पाण्याची धार धरली आणि तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्याफटक झाल्या. टक् आवाज झाला, डिकी उघडली. काकूंनी डोळ्यांना रुमाल लावला.

दातवालीने चष्मा पुसला. "बाबा, पाणी गरम आहे."

"तपाची उष्णता आहे ती, मुली."

"असेल. पण मंत्र म्हणजे काही चहा नाही, निवला म्हणून वाया जायला. गार झाल्यावरही चालेल ना?"

बाबा काही बोलायच्या आत तिने डिकी लावून टाकली. उरलेलं पाणी एका पेल्यात ओतून घेतलं आणि कठड्यावर उघडं ठेवलं. बोचरा वारा सुटला होता. गर्दी हलली नाही. फुकटचा तमाशा कोण सोडतो? पाणी निवलं, गाडीही निवली. दातवालीने बटण दाबलं, ते रुतून बसलं. तिने त्यावर बाबांचं गार पाणी ओतलं. काही नाही.

"अविश्वासाने पाणी दूषित झालं," बाबा म्हणाले.

"मग अविश्वासाचंच पाणी बघू." ती घरात जाऊन किटली घेऊन आली. "हे नळाचं. मंत्र नाही, तप नाही. नुसता गॅस जाळलाय." धार पडली, टक् आवाज झाला, डिकी वर. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

मग तिने आपलं रोजचं काम केलं. दात बघायचा छोटा आरसा बटणाखाली धरला, टोकदार हत्यार बाजूच्या फटीतून फिरवलं. पिवळट, घट्ट खपल्या निघाल्या, दातांवर साचतात तशा. तिने बोटावर घेऊन वास घेतला आणि ते बोट सासूबाईंच्या नाकाशी नेलं.

सासूबाईंनी डोळे मिटले. "पॉलिश," त्या म्हणाल्या. "यांचं पॉलिश."

डिकीच्या कोपऱ्यात डबा होताच, वर घडी केलेलं फडकं. दर रविवारी सासरे गाडीला पॉलिश करायचे, बटणसुद्धा सोडायचे नाहीत. बटणावरचं रबर चिरलं होतं. त्या चिरेतून पॉलिश आत जाऊन थरावर थर बसला. उन्हाळ्यात मऊ राहिलं, थंडीत थिजलं आणि बटण धरून बसलं. गरम पाण्याने वितळायचं, निवलं की पुन्हा घट्ट. म्हणून तर बाबांना पुन्हा पुन्हा यावं लागत होतं.

"म्हणजे जीव नाही, बटणच अडकलं होतं," नवरा म्हणाला. त्याची दातखीळ अखेर उघडली. "गॅरेजवाला तेच सांगत होता."

"हो. आता तिथेच घेऊन जा आणि रबर नवं बसवून घे." तिने फट स्पिरिटच्या कापसाने पुसली आणि कोरडं, गार बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. सगळे ते बघत असताना प्लास्टिकची खुर्ची रिकामी झाली. किल्ल्यांचा खुळखुळाट कोपऱ्यावरून झपाझप लांब चालला होता.

सासूबाई मात्र तशाच उभ्या होत्या. "म्हणजे ते माझ्यावर रागावले नव्हते?"

"नव्हते" म्हणून टाकणं किती सोपं होतं. दातवालीच्या ओठांवर आलंही होतं. पण एका थापेवर दुसरी चढवायची, तर मग बाबा काय वाईट होता?

"ते मला माहीत नाही, आई. रागावलेही असतील. पण ते बटणावरून कळत नाही, आणि बाबाला तर नाहीच नाही. तुम्हीच सांगा. संसार तुम्ही केलात त्यांच्याबरोबर."

सासूबाईंनी विचार केला. "रागवायचे की. सकाळी रागवायचे, दुपारी विसरायचे, आणि आपण कशावरून भांडत होतो ते मलाच विचारायचे." म्हणता म्हणता त्या हसल्या, आणि मग घरचे घाबरेपर्यंत रडल्या. ते गेल्यापासून अशा मोकळ्या रडल्या नव्हत्या. डोळे पुसून म्हणाल्या, "काहीतरी खायला दे गं. भूक लागलीय."

तेव्हा मंडळी, एखादी वस्तू अडली तर ती कुठे अडली, कशाने अडली ते आधी वाकून बघावं. नाहीच कळलं तर नाही कळलं म्हणावं, त्याने कुणाचं नाक कापलं जात नाही. पण गेलेलं माणूस आपल्यावर रागावलं होतं का, हे मात्र ज्याने त्याच्या पंगतीला कधी एक घासही खाल्ला नाही, अशा माणसाला विचारायला जाऊ नये.