पौष लागायच्या आत

आनंदीबाई पाखाडीच्या पायऱ्या जवळजवळ धावतच उतरल्या. हातातले सूप खाली ठेवायचेही त्यांना सुचले नव्हते; अर्धवट निवडलेले तांदूळ त्यात इकडून तिकडे सरकत होते. खाली माडांच्या आगराच्या दगडी गडग्यापाशी सदू टपालवाला थैलीचे तोंड बांधून निघायच्या बेतात होता.

“सदू, थांब रे जरा!”

तो थांबला. गुहागरहून आठवड्यातून दोन वेळा, सोमवारी आणि गुरुवारी, तो पायी वेळणेश्वरला येई. या पाहुण्या बाई आल्यापासून पहिल्या दोन्ही खेपांना त्यांनी त्याला असेच वाटेत गाठले होते.

“रत्नागिरीहून आलं काही?”

“आज नाय, बाई.”

“आज नाही, सोमवारी नाही. बारा दिवस होत आले आम्हांला येऊन. माणसानं एक कार्ड तरी टाकावं की नाही?”

सदूने कपाळावरचा घाम पुसला. “सोमवारी हुतं की. पाकीट हुतं. धाकल्या बाईंच्या हातात दिलं मी, हितंच. तुमी देवळात गेलेल्या.”

सूप हलायचे थांबले.

“हो, हो,” आनंदीबाई म्हणाल्या. “माझ्या ध्यानातून गेलं बघ.”

सदू वळणाआड दिसेनासा झाला तरी त्या तिथेच उभ्या होत्या. सोमवारी देवळातून आल्या आल्या त्यांनी कमळाला विचारले होते, टपालवाला आला होता का म्हणून. कमळा चुलीपुढे बसलेली होती. मान वर न करता तिने ‘आला नि गेला’ म्हटले होते, आणि मग पिठल्यात मीठ बेताने घालू का, असे विचारले होते. चार वर्षांत तिने मिठाचे कधी विचारले नव्हते.

विचारायचा प्रश्नच नव्हता. रत्नागिरीला झाडगावातल्या त्यांच्या घरात दोन चुली होत्या. यजमान होते तोवर एक होती. आनंदीबाईंना लग्नानंतर पंधरा वर्षांत मूल झाले नाही म्हणून यजमानांनी कमळाला दुसरी बायको करून आणली. तिलाही झाले नाही. जाताना कापडाचे दुकान त्यांनी पुतण्याला दिले आणि घर दोघी बायकांच्या नावे समाईक लिहून ठेवले. तेरावे झाल्यावर पंधरा दिवसांतच आनंदीबाईंनी मागच्या पडवीत आपली वेगळी चूल मांडली. त्यावर गावात कुणाला नवल वाटले नाही. नवल वाटले ते पुढे चार वर्षे दोघी एका छपराखाली राहिल्या याचे.

मग कमळाने शिवणयंत्र घेतले. पुढच्या पडवीत ते बसवून ती शेजारणींच्या चोळ्या शिवू लागली. भर दुपारी त्याची खडखड सुरू होई. एकदा आनंदीबाई अंथरुणातून उठून आल्या आणि म्हणाल्या, “एक तर हे यंत्र राहील घरात, नाहीतर मी.”

“मग विकूनच टाकू या घर,” कमळा म्हणाली होती. “तुमचा वाटा तुम्हांला, माझा मला.”

“विक!”

“विकते!”

हे दारात उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांदेखत झाले. संध्याकाळपर्यंत आळीभर झाले. मग माघार कोण घेणार? आनंदीबाईंच्या भाच्याचे मुंबईहून पत्र आले की त्यांनी आपल्याकडे खुशाल यावे, मात्र खोली लहान आहे, सामान फार आणू नये. कमळाच्या भावाचे चिपळूणहून आले की पाच मुले आणि आजारी बायको यांच्यामुळे घरात बाईमाणूस हवेच आहे.

घर विकून देण्याचे काम यजमानांच्या चुलतभावाने, आप्पांनी, अंगावर घेतले. पहिले गिऱ्हाईक राजापूरकडचे एक मास्तर. ते विहिरीत डोकावत असताना कमळा म्हणाली, “वैशाखात मचूळ होतं हो पाणी.” आनंदीबाईंनी तिथल्या तिथे तिला फैलावर घेतले. मास्तर पुन्हा फिरकले नाहीत. दुसरा गलबतवाला. तो माळ्यावर चढला तेव्हा खालून आनंदीबाईंनीच त्याला हाक मारून सांगितले, “त्या कडेच्या वाशावर भार टाकू नका. वाळवी आहे त्यात.” कमळा खो खो हसली. वाशात वाळवी नव्हती.

आप्पा त्या दिवशी फार चिडले. “तुम्ही दोघी घरात असेपर्यंत हे घर विकलं जायचं नाही,” ते म्हणाले. “वेळणेश्वराला जा. गुरवाकडे उतरा. हवापालट होईल, देवदर्शन होईल. पंधरा दिवस मला तोंडं दाखवू नका.”

म्हणून त्या मांडवीला बोटीत बसल्या, जयगडला उतरल्या, तरीतून खाडी ओलांडली आणि बैलगाडीने इथे आल्या. बाबू गुरवाच्या बायकोने, राहीने, त्यांना बाजूची खोली झाडून दिली. खोलीत चूल एकच होती. पहिल्या दिवशी दोघी तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या, आणि मग कमळा पदर खोचून लाकडे लावायला बसली.

सुटी म्हणावी असे इथे सगळे होते. माड होते, समुद्र होता, दिवसभर येणारा वारा होता. पण आनंदीबाईंचा पाय एका जागी ठरत नव्हता. सकाळी देवळात जात, अर्ध्या प्रदक्षिणेत परत फिरत. समुद्राकाठच्या पुळणीवर जात, तिथून आठवण होई की घराच्या मागच्या दाराला आप्पा कडी घालतात की नुसते लोटून ठेवतात. दुपारी आडव्या होत, पण इथे इतके शांत होते की डोळ्याला डोळा लागत नसे. आता कुणीतरी परका माणूस चपलांसकट माजघरात फिरत असेल, कोनाड्यात हात घालून बघत असेल, असे मनात येई आणि त्या उठून बसत.

“काय होतंय, अक्का?” कमळा विचारी.

“काही नाही. तू झोप.”

तीही झोपलेली नसे.

आनंदीबाई पायऱ्या चढून वर आल्या. कमळा राहीबरोबर पुळणीवर गेली होती. खोलीत शिरून त्यांनी सूप कोपऱ्यात ठेवले आणि दार लोटून घेतले. कमळाची पत्र्याची पेटी भिंतीशी होती. तिला कुलूप नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच त्या दुसऱ्याच्या पेटीला हात लावत होत्या, आणि हात लावताना त्यांना कसलीही लाज वाटली नाही, इतका संताप त्यांच्या डोक्यात चढला होता. हिने परस्पर पत्र घेतले. परस्पर उत्तर धाडले असेल. चिपळूणच्या भावाचीच ही शिकवण. म्हातारीला वाचता येत नाही, कळवायचे कशाला!

दोन लुगडी, कात्री, दोऱ्याची रिळे. तळाशी, घडी केलेल्या चोळीच्या आत, पाकीट होते. कडेने नीट फाडलेले. आतल्या कागदावर आप्पांची मोडी अक्षरे एकमेकांत पाय अडकवून धावत होती. आनंदीबाईंनी तो कागद उलटासुलटा पाहिला, पदराखाली घेतला आणि त्या देवळाकडे निघाल्या.

बाबू गुरव दीपमाळेपाशी बसून समईची वात वळत होता. साठीचा माणूस, सावकाश बोलणारा. कागद पाहताच त्याने हात धोतराला पुसले.

“वाच,” आनंदीबाई म्हणाल्या. “एक अक्षर गाळू नकोस.”

त्याने कागद लांब धरला आणि एकेका शब्दावर थांबत वाचू लागला.

“गंगाभागीरथी आनंदीबाई व कमळाबाई यांस आप्पाचा नमस्कार, विनंती विशेष. घरास चांगले गिऱ्हाईक लाभले आहे. गृहस्थ मालगुंडचे, जहाजावर नोकरी करून आलेले. दोन वेळा घर पाहून गेले. तुम्ही इथे नसल्यामुळे त्यांस ते शांतपणे पाहता आले.” बाबूने वर पाहिले.

“पुढे वाच.”

“त्यांस पौष लागायच्या आत घरात शिरावयाचे आहे. पौषात प्रवेश करीत नाहीत, आणि महिनाभर थांबावयास ते तयार नाहीत. फणसोप गावी त्यांनी दुसरे घर पाहून ठेवले आहे. तरी तुम्हां दोघींचा होकार रविवारी सकाळपर्यंत माझ्या हाती यावा. एकीचा चालणार नाही. न आल्यास मी त्यांस नाही म्हणून सांगेन, आणि पुन्हा या कामात पडणार नाही. कळावे.”

माडांच्या झावळ्या वाजत होत्या. आनंदीबाई दीपमाळेच्या चौथऱ्यावर बसल्या. चिऱ्यांच्या फटीतले गवत त्यांच्या हाताला लागले, ते त्या उपटू लागल्या.

“हिनं धाडला असेल होकार,” त्या म्हणाल्या. “स्वतःचा. आणि माझाही ठोकून दिला असेल.”

“नाय, नाय.” बाबूने कागदाची घडी केली. “मंगळवारी मी माल आणाय जयगडास गेलतो. जाताना इचारलं धाकल्या बाईंना, काय चिठीबिठी द्यायची हाय काय रत्नांग्रीस. बोटीवर आपला माणूस हाय. तर त्या म्हणाल्या, नाय द्यायची.”

“काय म्हणाली?”

“नाय द्यायची म्हणाल्या. मी म्हटलं, पत्र आलंय ना तुमास्नी? तर म्हणाल्या, आलंय, पण त्याला उत्तर नाय.” त्याने आवाज उतरवला. “रडल्यागत झालं हुतं तोंड. मी मग काय इचारलं नाय.”

आनंदीबाईंच्या मुठीत गवताचा पुंजका जमला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला. पुन्हा उचलला.

“ती पोर सोळा वर्षांची आली माझ्या घरात,” त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते बाबूला कळले नाही. “आल्या दिवशी मला विचारते कशी, ‘मी कुठे निजू?’ नवऱ्याला नाही, मला.”

“मग तुमी काय सांगितलंत?”

“सांगितलं काहीतरी. धड नाही सांगितलं.”

खाली पुळणीवर लाट फुटली आणि ओढून गेली. बाबूने वात तेलात भिजवली, पिळली, तबकात ठेवली.

“उद्या परत जातंय मी जयगडास,” तो म्हणाला. “शनवारची बोट दुपारच्या आत रत्नांग्रीस लागंल. तुमास्नी आप्पांना काय कळवायचं असंल तर सांगा. मी लिवतो, तुमी अंगठा करा. धाकल्या बाईंना मी समजावीन. दोघींचं पोचंल टायमात.”

आनंदीबाईंनी हात पुढे केला. बाबूने पत्र त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी घडी उलगडली, न कळणाऱ्या ओळींवरून एकदा नजर फिरवली आणि होती तशी, त्याच रेघांवर, पुन्हा घातली.

“नको,” त्या म्हणाल्या.

“काय कळवायचं नाय?”

“नाही. आणि बाबू, मी तुझ्याकडे आले होते हे कमळाला सांगू नकोस. राहीलाही नको.”

“बरं.”

परत जाताना त्या धावल्या नाहीत. खोलीत येऊन त्यांनी पाकीट चोळीच्या घडीत सारले, चोळी लुगड्यांखाली, वर कात्री. कात्रीचे टोक आधी कुठल्या बाजूला होते ते आठवेना, म्हणून त्या पेटीपुढे थोडा वेळ ओणव्याच राहिल्या. मग झाकण लावले आणि सूप मांडीवर घेऊन दारात बसल्या.

कमळा आली ती ओल्या पायांनी. लुगड्याच्या काठाला वाळू चिकटली होती. दारातल्या आनंदीबाईंना वळसा घालून ती आत गेली आणि चुलीत लाकडे सारू लागली.

“आज गुरुवार ना, अक्का?” मग तिने आतून विचारले.

“हो.”

“सदू आला असेल.”

“आला होता. पाखाडीखाली भेटला मला.”

आतला आवाज थांबला. लाकूड चुलीत गेले नाही, खालीही ठेवले गेले नाही.

“काय म्हणाला?”

“काय म्हणणार? ऊन लागतंय म्हणाला.” आनंदीबाईंनी सुपातून एक खडा वेचून बाहेर टाकला. “आप्पांचं काही नाही.”

कमळा उठून दारापर्यंत आली. आनंदीबाईंना तिचे पाय दिसले. वर त्यांनी पाहिले नाही. सुपातला पुढचा खडा शोधू लागल्या, तांदूळ एका बाजूला सारून, मग दुसऱ्या.

“पंधरा दिवस सांगितले होते त्यांनी,” कमळा हलकेच म्हणाली. “रविवारी भरतील. शनिवारच्या बोटीनं निघायचं काय आपण?”

“शनिवारी कशाला? एवढी काय घाई आहे गो?”

“मग?”

“सोमवारी बघू.”

कमळा चौकटीला टेकून उभी राहिली. तिच्या पायांवरची वाळू सुकून गळू लागली होती.

“सोमवारी बोट असते काय, अक्का?” तिने विचारले.

“नसली तर मंगळवारी जाऊ,” आनंदीबाई म्हणाल्या.