रंजनाने माझी भाषा उचलली

मित्रांनो, सुरतेतल्या बमरोलीच्या एका कारखान्यामागे आज गंज खात पडलेला जो यंत्रमाग दिसतो, तो मी. इथे मला 'लूम' म्हणतात. माझे अंग गंजले, पण मत्सर काही गंजला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तो कसा जडला, त्याचीच ही हकीकत आहे.

माझा जन्म सुरतेतल्याच दुसऱ्या एका कारखान्यात झाला. बिडाचे जड पाय, लाकडी धोटा आणि नवा कोरा पट्टा घेऊन मी बमरोलीत आलो. मी सुरू झालो की माझ्या खडखडाटापुढे माणसांची बोलती बंद होई. माझ्यावर साड्यांचे कापड निघे. माझा कारागीर कुंदन अमळनेरकडून आला होता. त्याच्या हाताखाली इतरही माग होते, पण माझा आवाज जरा बदलला की तो धावत येई, तेल घाली, पुसून काढी. शेठ आल्यागेल्याला मला 'कुंदनचा लूम' म्हणून दाखवी. तेव्हा मी नुसता फुगून जाई.

माझ्या आवाजात बोलणे ऐकू येत नसे, म्हणून कारागीर हातांनी बोलत. दोन बोटे झटकन लांब केली की धागा तुटला. मूठ छातीवर दाबली की माग ताबडतोब बंद कर. ही भाषा कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. माझ्यामुळे ती जन्मली, म्हणून ती माझी होती.

मग कुंदनचे लग्न झाले आणि रंजना सुरतेला आली. मी पुरुष असूनही मला सवत आली म्हणा ना! माझ्या सहवासात कुंदनच्या कानांना दडे बसले होते. घरी रंजनाला साधी गोष्टही ओरडून सांगावी लागे, आणि ती ओरडली की सगळी चाळ ऐके. नव्या नवरीला ते लाजिरवाणे वाटे. शेवटी कुंदनने तिला आमच्या खुणा शिकवल्या. शेजारच्या मागावरच्या निंबा आबाला तो हे हातवारे करून सांगत होता आणि मी समोर उभा राहून पाहत होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी भाषा, आणि ती भाजीत मीठ कमी पडले म्हणून सांगायला वापरायची?

रंजनाला दिवस गेले आणि माझी परवड सुरू झाली. तिला आई नव्हती, म्हणून पहिले बाळंतपण माहेरी न करता सुरतेतच करायचे ठरले. तपासणीला कुंदन स्वतः तिच्याबरोबर जाऊ लागला. त्या दिवशी माझ्यावर कोणीतरी बदली कारागीर येई. त्याला माझ्या आवाजातले काही कळत नसे. मीही मग धाग्यावर धागा तोडून त्याला घाम फोडी.

तिच्या अंगात रक्त कमी आहे, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या ती न चुकता घेते की नाही, हे कुंदन बघे. पाण्याच्या कळश्याही तोच भरी आणि मग कामावर उशिरा येई. इथे अंगभर लोखंड घेऊन मी त्याची वाट पाहत उभा, आणि हा तिकडे बायकोला लोखंड चारत बसलेला! सांगा बरे, कोणाला राग येणार नाही?

एकदा चहाच्या वेळी निंबाने त्याला त्यांच्या अहिराणीत हटकले.

"कुंदन, बाईस्ना दवाखानामा माणूसनं काय काम? आम्ही तठे कधी पाय बी ठेवा नही."

"आबा, पोर मनं बी शे ना," कुंदन म्हणाला. पोर त्याचेही आहे म्हणे!

निंबा अगदी माझ्या मनातले बोलला होता. पण कुंदन कसला ऐकतो! बाळंतपण जवळ आले तेव्हा तो रजा टाकून निघून गेला आणि मी पुन्हा परक्या हातात पडलो.

तो परतला तेव्हा फार वाळलेला दिसत होता. आल्याबरोबर माझ्याजवळ उभा राहून तो निंबाला खुणांनी सगळे सांगू लागला. मी चालू होतो, तरी माझे सारे लक्ष त्याच्या हातांकडे होते.

मुलगी झाली होती. "भाई, तमे बहार ऊभा रहो," असे सांगून नर्सने त्याला बाहेर काढले होते. तो दाराच्या काचेला नाक लावून उभा राहिला. नर्स दुसऱ्या बाळंतिणीकडे गेली आणि इकडे रंजनाच्या अंगावरून रक्त जाऊ लागले. ते थांबेना. हाक मारायला तिच्या घशात आवाज उरला नव्हता. तिने काचेकडे पाहिले आणि मूठ छातीवर दाबली. तिथे दुसऱ्या कोणाचा नवरा असता, तर त्याला वाटले असते, बायको देवाचे नाव घेते आहे. कुंदन मात्र दार ढकलून आत घुसला. कानांनी मंद माणसाचा आवाज मुळातच मोठा, त्याने सगळा दवाखाना गोळा केला. डॉक्टरीणबाई धावत आल्या. रंजना थोडक्यात वाचली.

हे सांगताना कुंदनने आपली मूठ छातीवर दाबली आणि ती तिथेच राहिली. निंबाने खूण पाहिली आणि सवयीने हात लांब करून मला बंद केले. कुंदन रडत होता. निंबा त्याच्या कानाशी वाकला. शेजारचे माग चालू होते, म्हणून त्याला ओरडूनच बोलावे लागले.

"मनी सुवर्णाले सातवा महिना लागना. जवाईले आजच सांगस, तू बी जाय तिनासंगे." सुवर्णा म्हणजे निंबाची लेक; तिच्याबरोबर दवाखान्यात जा, असे तो जावयाला सांगणार होता.

मला पुन्हा सुरू करायचे दोघांनाही सुचले नाही. मला इतके विसरून माझ्यासमोर कोणी कधी उभे राहिले नव्हते. खरे सांगतो, मला फार वाईट वाटले. तरी मला का थांबवले, असे मात्र त्या दिवशी वाटले नाही.

मित्रांनो, यंत्रांना वेळेवर तेल द्या, हे तर मी सांगणारच. पण घरात बाळ येणार असेल, तर तुमच्या बाबांना, काकांना, मामांना दवाखान्यात बरोबर जायला सांगा. होणाऱ्या आईला काय होते आहे, ते त्यांना विचारू द्या आणि समजून घेऊ द्या. तेवढा वेळ आम्ही बंद पडून राहू. आम्ही जळू, धुसफुसू. जळू द्या आम्हाला.