बिनदाराच्या घरचा फौजदार

शनिशिंगणापुरात काकासाहेबांच्या घराला दार नव्हतं. रात्री भटकी कुत्री शिरू नयेत म्हणून चौकटीला फळी टेकवायची, एवढाच बंदोबस्त. त्यांचं स्वतःचं कुत्रं मात्र आत झोपायचं. चोरांचं शनिदेव बघून घेत असल्यामुळं त्याला काडीचंही काम नव्हतं, म्हणून त्याचं नाव फौजदार.

टाळेबंदी लागली, भाविक थांबले आणि काकासाहेबांचं पूजेच्या सामानाचं दुकान बंद पडलं. रिकामा माणूस मोबाईल वाचतो. कुत्र्यांमुळं कोरोना पसरतो, असं त्यात आलं. पाठवणारा नगरचा मेव्हणा. त्याच्या एकाही शब्दावर काकासाहेबांनी आजवर विश्वास ठेवला नव्हता. यावर ठेवला.

बायको झुंबरबाई शेतात गेल्याचं बघून त्यांनी फौजदाराला मोटारसायकलच्या टाकीवर बसवलं. स्वारी खुशीत. नाक्यावर पोलिसानं अडवलं.

"कुठं निघाले, काका?"

"डॉक्टरकडं. जनावर आजारी हाय."

"शाबास! या दिवसांत मुक्या जिवाचं कोन बघतं?"

काकासाहेबांनी मास्क आणखी वर ओढला. मास्कचा हा उपयोग त्यांना तोवर ठाऊक नव्हता.

घोडेगावच्या पुढं बाभळीला बांधून ते निघाले. फौजदार भुंकलासुद्धा नाही. त्याला वाटलं, येतीलच आता.

"पळालं," त्यांनी बायकोला सांगितलं. "कुत्र्याची जात, दुसरं काय!"

झुंबरबाई गल्लोगल्ली हाका मारत फिरल्या. काकासाहेबही फिरले. त्यांच्या हाका जास्त मोठ्या होत्या.

मग एका दुपारी दोघं जेवत असताना चौकटीत फौजदार उभा. पाय सोललेले, बरगड्या वर आलेल्या, गळ्यात कुरतडलेली निळी दोरी. झुंबरबाईंनी ती हातात घेतली. धुणं वाळत घालायची दोरी. तीही त्या शोधतच होत्या.

"अवं, पळून जाताना माझी दोरी बी घिऊन गेल्तं व्हय हे?" त्या म्हणाल्या. "आन् गाठ बी तुमच्यासारखीच मारलीया."

काकासाहेबांनी ताटात मान घातली.

"ये फौजदार, ये की," झुंबरबाईंनी त्याला आत बोलावलं.

फौजदारानं शेपूट हलवलं, पण उंबरा ओलांडला नाही. झुंबरबाई आपलं ताट उचलून बाहेर त्याच्याशेजारी जाऊन बसल्या आणि भाकरी मोडून त्याला भरवू लागल्या.

आमच्या घराला दार न्हाई, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती फुगवून सांगणारे काकासाहेब उठले. त्या दोघांच्या नजरेआड कुठं तरी व्हायचं होतं. दुसरं काही सुचेना, तेव्हा त्यांनी भिंतीकडची फळी उचलून चौकटीला लावली.

फळी कुणासाठी असते, हे फौजदाराला ठाऊक होतं. तो घास टाकून मागं सरला.

काकासाहेबांनी फळी काढली. तशीही ती गुडघ्यापर्यंतच येत होती.