बादली वर घ्या, वहिनी

गोटूच्या आंघोळीची हिरवी बादली साथीच्या दिवसांत आमच्या घरातली कर्ती बाई झाली होती. तिच्यावर बदकाचं चित्र आहे. इमारतीच्या फाटकाला साखळी, साखळीला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरींच्या कमरेला. त्यामुळे कांदे, पीठ, साबण, औषधं, घरात जे काही यायचं ते बदकाबरोबर दोरीवरून तिसऱ्या मजल्यावर चढायचं. आमच्या गॅलऱ्या थेट रस्त्यावर आहेत. दुपारी सगळ्या मजल्यांवरून बादल्या, टोपल्या, पिशव्या लोंबायला लागल्या की इमारतीने जिभा बाहेर काढल्यासारखं दिसायचं.

सामान आणायचा तो शिट्टी. नाव त्याला असणारच, पण आम्ही कधी विचारलं नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची घरपोच डिलिव्हरी तो करायचा, मागे भलंमोठं खोकं बांधलेल्या खटारा स्कूटरवरून. बेलपर्यंत पोचता येत नव्हतं आणि फोन कोण उचलतंय! म्हणून त्याने स्वतःचीच पद्धत काढली. मास्क हनुवटीखाली ओढायचा, दोन बोटं जिभेखाली घालायची आणि फुंकायचं. पहिल्या मजल्याला एक शिट्टी, दुसऱ्याला दोन, आम्हाला तीन. काडीसारखा माणूस, पण आवाज असा की कबुतरं उडायची.

"माणूस आहे की कुकर?" सासूबाई म्हणायच्या. मग कान देऊन मोजायच्या, "तीन झाल्या गं, उतरव!"

गोटूला त्या शिट्टीचं भयंकर वेड. दात यायच्या बेतातलं ते पोर, जगात अजून दोनच गोष्टी ओळखत होतं, माझा वास आणि ती शिट्टी. पहिली ऐकली की हातपाय थांबायचे, दुसरीला डोळे मोठे व्हायचे, तिसरीला सगळं अंग हसायचं. त्याचे बाबा कामाच्या गावी अडकून पडले होते. घरात आम्ही दोन बायका आणि हा. त्या शिट्टीखेरीज बाहेरचं माणूस म्हणावं असं आमच्याकडे काही येतच नव्हतं.

मग मला ताप आला. तो आजार नव्हता, पण ताप उतरला तेव्हा दूधही आटलं. साधं दूध गोटूला चालत नाही. अंगभर गांध्या उठतात आणि शीतून रक्त जातं, हे आम्ही एकदा पाहिलं होतं, पुन्हा पाहायची हिंमत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलेली एकच पावडर त्याला पचायची. तीच बाजारातून नाहीशी झाली.

"ताई, नाव काढू नका," दुकानदार फोनवर म्हणाले. "खेप येते, दारातच संपते."

खाली उभा राहून शिट्टीने वर ओरडून सांगितलं, "रिकामा डबा टाका वहिनी. डबा दाखवला की बोलायला नको. शहर पालथं घालतो."

मी आधीचा संपलेला डबा टाकला; घरातला शेवटचा डबाही तळाला आला होता. त्याने तो हेल्मेटसारखा डोक्यावर ठेवून गोटूला सलाम केला.

त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांच्या आईला न्यायला रुग्णवाहिका आली. मागोमाग परत आला तो फक्त एक फोन. तोंड पाहायला मिळालं नाही, हात लावायला मिळाला नाही. बँकवाले म्हणजे आमचे भाऊच. माझ्या कळा सुरू झाल्या तेव्हा पायजम्यावरच गाडी काढून त्यांनी मला दवाखान्यात पोचवलं होतं, आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याची माफी मागितली होती. त्या फोननंतर ते जिन्यात बसून राहिले. त्यांना मिठी मारायला कोणी गेलं नाही. मीही गेले नाही. नियमच तसा होता.

मग एका सकाळी पावडरीचा शेवटचा चमचा मी डब्याच्या कडा खरवडून काढला. दुपारपर्यंत गोटू माझा खांदा चोखत होता, ब्लाउजचं बटण चोखत होता, रिकामी बाटली चोखून फेकत होता. उकळून गार केलेलं पाणी त्याने दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा माझ्याकडे असं पाहिलं, की आई, तू सुद्धा?

तेवढ्यात इमारतीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. समोरच्या इमारतीतून कोणीतरी काढलेला. शिट्टी तोंडातून बोटं काढतो, पँटीला पुसतो, पिशवी उचलतो आणि दुसऱ्या मजल्याच्या टोपलीत ठेवतो. आवाज बंद केलेला. खाली लिहिलं होतं, "हा थुंकी लावून सामान देतो. म्हातारी कशाने गेली ते बघा."

मी एका हाताने लिहिलं, "अहो, तो शिट्टी वाजवतोय. आवाज लावून बघा. आपण सगळे रोज ऐकतो."

सेक्रेटरींचं उत्तर आलं, "वहिनी, तुमचं सामान येतंय म्हणून तुम्हाला पुळका."

मी दुकानात फोन लावला, त्याला आज पाठवू नका म्हणून. दुकानदार माझं ऐकायच्या आधीच ओरडले, "मिळाला ताई, मिळाला! तुमचा डबा घेऊन केव्हाच निघालाय तो!"

आणि खाली तीन शिट्ट्या वाजल्या.

गोटू माझ्या कडेवर होता. रडतारडता थांबला आणि हसला. मी कठड्याशी धावले. "शिट्टी, पळ! निघ इथून!"

त्याला ऐकूच गेलं नाही. डबा दोन्ही हातांत उंच धरून तो नाचत होता. "मिळाला वहिनी! बादली सोडा!"

मी बादली सोडली. दुसरं काय करणार होते? लवकर घेऊन लवकर जाईल, एवढाच हिशेब डोक्यात. त्याने डबा बदकाच्या पोटात ठेवला आणि नेहमीसारखं म्हणाला, "बादली वर घ्या, वहिनी." तेव्हाच फाटकाची साखळी खळखळली. ज्या फाटकाला औषधासाठी किल्ली मिळत नव्हती, ते सताड उघडलं.

तिघे होते. सेक्रेटरी, हातात फरशी पुसायचा दांडा. तळमजल्यावरचा जिमवाला, रिकाम्या हाताने, त्याला कशाची गरज नव्हती. आणि बँकवाले, मुलाची बॅट घेऊन.

पहिला फटका दांड्याचा, मागून, गुडघ्यांच्या लवणीत. शिट्टी खाली गेला आणि जाताना हाताला लागलं ते धरलं. ती आमची दोरी होती. माझ्या तळहातातून दोरी सरसरत गेली, सालं काढत; टोक कठड्याला बांधलेलं होतं म्हणून ती खाली गेली नाही. गोटूला मी छातीशी दाबलं.

"थुंकी लावतोस? अं? थुंकी?"

"नाही साहेब, शिट्टी... शिट्टी वाजवतो हो मी..."

जिमवाल्याने बरगडीत लाथ घातली. भिजलेली गोधडी दगडावर आपटावी तसा आवाज झाला. दुसरी तिथेच. तिसरीला आवाज बदलला, आत काहीतरी तुटलं. शिट्टी बादलीभोवती गोल झाला, कुत्री पिल्लांभोवती होते तसा, आणि पाठ त्यांना देऊन टाकली.

"भाऊ!" मी ओरडले. "भाऊ, त्याने काही केलं नाही! गोटूचं दूध आहे ते!"

बँकवाल्यांनी वर पाहिलं. मी त्यांना इतक्या वेळा पाहिलंय, पण त्या डोळ्यांत कोणी राहत नव्हतं. "माझी आई गेली," ते म्हणाले. अगदी हळू. मग खाली वळून किंचाळले, "ह्या तोंडाने! ह्याच तोंडाने!" आणि बॅट त्याच्या तोंडावर घातली.

दात रस्त्यावर उडाले. वरून ते सांडलेल्या तांदळासारखे दिसले.

गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. कोणी मोबाइल धरला होता, कोणी मुलांचे डोळे झाकले होते. एक बाई "अरे पुरे रे, मरेल," म्हणाली, पण अशा सुरात की जणू दूध उतू जातंय. सेक्रेटरींनी घाम पुसून वर हाक मारली, "वहिनी, आत जा तुम्ही. तुमच्या बाळासाठीच चाललंय हे!"

रक्ताने भरलेल्या तोंडातून शिट्टीही काहीतरी म्हणाला. शब्द तुटके होते, तरी मला कळले. "वहिनी... बाळाला आत न्या... बघतंय ते."

खरंच बघत होता गोटू. तीन शिट्ट्या झाल्या होत्या आणि हा माणूस हसत का नाही, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

जिमवाल्याने शिट्टीचा हात पिरगळून सोडवला, बँकवाल्यांनी बादलीतून डबा काढला. रस्त्याच्या मधोमध उभा ठेवला. "ह्यालाही थुंकी लागलीय. हे पाजणार पोराला? देऊ आपण?" कोणाला विचारत होते देव जाणे. त्यांनी बॅट दोन्ही हातांनी डोक्यावर नेली.

शिट्टी सरपटत आला आणि डब्यावर आडवा पडला. बॅट त्याच्या पाठीवर बसली. पुन्हा वर गेली, पुन्हा बसली. मग त्यांनी पायाने त्याचं डोकं बाजूला केलं आणि नेम डोक्यावरच धरला.

मी गोटूला पाळण्यात ठेवलं, नीट, मानेखाली हात देऊन, जसं नेहमी ठेवते तसं. स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर सासूबाईंचा खलबत्ता असतो, लोखंडी, त्यांच्या लग्नातला. बत्ता उचलला. परत आले आणि फेकला.

नेम धरला होता का, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. धरला होता.

बत्ता बँकवाल्यांच्या मान आणि खांद्यामधे बसला. फांदी मोडल्यासारखा कडाड आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. बॅट सुटली. ते कोणीतरी खुर्ची ओढून घेतल्यासारखे खाली बसले, हात भलत्याच बाजूला लोंबत होता, आणि लहान मुलासारखे ओरडायला लागले, "आई! आई गं!"

सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"बत्ता आलाय!" मी ओरडले. तो आवाज मी त्याआधी कधी काढला नव्हता, बाळंतपणातही नाही. "खल अजून वर आहे!"

बाजूला काहीतरी जड ठेवल्याचा आवाज झाला. सासूबाई. ज्यांना गुडघ्यांमुळे उठायला दोन माणसं लागतात, त्यांनी खल पोटाशी धरून आणला होता आणि कठड्यावर टेकवला होता. धापा टाकत त्या खाली वाकल्या. "जरा जवळजवळ उभे राहा रे पोरांनो. मला लांबचं नीट दिसत नाही."

सगळ्यात आधी जिमवाला पळाला. सेक्रेटरींनी दांडा ठेवला, अगदी हळूच, भिंतीला टेकवून, जणू घरचं काम संपलं. मग बँकवाल्यांना काखेत धरून ओढत नेलं. फाटक उघडंच राहिलं.

रस्त्यावर शिट्टी एकटा. बराच वेळ हलला नाही. मग एक हात हलला, पोटाखाली गेला आणि डबा बाहेर आला. एका बाजूने चेपलेला, पण झाकण शाबूत. बादलीला तडा गेला होता. त्याने गुडघ्यांवर रांगत डबा त्यात ठेवला, शर्टाच्या टोकाने झाकणावरचं रक्त पुसलं. ते पुसलं गेलं नाही, पसरलं. शिट्टी वाजवायला त्याच्याकडे तोंड उरलं नव्हतं. त्याने दोरीला हिसका दिला. एक, दोन, तीन.

मी ओढलं. सोललेल्या हातांनी, इंच इंच. बदक वर आलं.

खाली दुकानदार धावत आले होते. त्यांनी शिट्टीला स्कूटरच्या खोक्याला टेकवून बसवलं आणि ते रुग्णवाहिकेसाठी ओरडत होते. समोरच्या गॅलरीतल्या मोबाइलने तेवढं मात्र टिपलं नाही. तो मोबाइल केव्हाच आत गेला होता.

डबा मी नळाखाली धरला. पाणी लाल, मग गुलाबी, मग साधं. सोललेल्या हातातून पहिला चमचा ओट्यावर सांडला. "आण इकडे," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी मापाने पावडर घातली, बाटली हलवली, मनगटावर थेंब टाकून पाहिला.

गोटूने बाटली दोन्ही हातांनी ओढली. चुकचुक आवाज सुरू झाला. दुसऱ्या मजल्यावरून बँकवाल्यांचं ओरडणं आणि त्यांच्या बायकोचं रडणं जिन्यातून वर येत होतं. ती वर तोंड करून मला शिव्या देत होती, बाळाला शिव्या देत होती, आणि मधेच "अहो, काही करा ना," म्हणत होती. मी सगळं ऐकत होते. एकही शब्द खोटा नव्हता. गोटूच्या कपाळावरचा घाम मी पुसला. त्याच्या केसांना माझ्या तळहाताचं रक्त लागलं.

जिन्यात बूट वाजले. खूप बूट. मग दारावर हात पडला.

"उघडा! खालून तक्रार आहे. कोणी फेकला तो?"

मी उठायला लागले. सासूबाईंनी खांदा दाबून मला खाली बसवलं. दाराशी गेल्या, कडीवर हात ठेवला, पण काढली नाही.

"आम्ही कुठे पळत नाही," त्या दाराला म्हणाल्या. "सूनच येणार आहे तुमच्याबरोबर. पण थांबा. बाळ पितंय."

बाहेर कोणीतरी पुन्हा दार ठोठावलं. गोटू दचकला, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा प्यायला लागला. मी बाटली जरा तिरकी केली, तळाचं दूध त्याच्या तोंडाशी यावं म्हणून.