माझी राखाडी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना अंदाजक आहे. मला ना हात, ना चाके. संगणकातली नुसती आकडेमोड. हल्ली मला कोणी उघडत नाही, म्हणून स्वतःला जुना म्हणतो.

टास्मानियातल्या एका बंदरात लाटा अडवायला दगडी भिंत बांधायची होती. भिंतीचा एकेक आराखडा मोठ्या संगणकावर लाटांपुढे उभा करून पाहायला दिवसचे दिवस लागत, खर्च तर विचारूच नका. म्हणून टॅम्सिन नावाच्या अभियंता बाईने अशा थोड्याच तपासण्यांवरून मला शिकवले. मग न तपासलेल्या आराखड्यांचाही अंदाज मी क्षणात सांगू लागलो. माझे उत्तर चित्रात उमटे, आणि त्याभोवती मी एक राखाडी पट्टी काढत असे. ती माझी शंका. शिकवण थोडी, तिथे पट्टी रुंद.

"हा तर पंडित निघाला!" तिचा वरिष्ठ ब्रॉडी म्हणाला. मला संकोच वाटला.

स्वस्तात स्वस्त, तरीही आत पाणी शांत ठेवणारी भिंत शोधायला हजारो आराखडे माझ्यापुढून गेले. निवडला गेला तो नेमका माझ्या अज्ञानाच्या कोपऱ्यातला. सर्वांत गोड उत्तर शोधत गेले, की पुष्कळदा माझी चूकच हाती लागते. मी पट्टी चांगली रुंद काढली.

"एवढा एक मोठ्या संगणकावर तपासू या," टॅम्सिन म्हणाली.

"अगं, शेवंडांच्या मासेमारीचा हंगाम तोंडावर आलाय," ब्रॉडी म्हणाला. " कोळी माझी मानगूट धरतील! आणि ती राखाडी घाण काढ चित्रातून."

"घाण नाही ती. शंका आहे त्याची."

"मग त्याच्यापाशीच राहू दे!"

तिने पट्टी पुसली.

बंदरातल्या सभेत ते चित्र लावले, तेव्हा म्हाताऱ्या मर्व कोळ्याने विचारले, "पोरी, माझी 'अ‍ॅनिका' आत सुखरूप राहील ना? तेवढी एकच बोट आहे बघ."

"चित्रात तरी पाणी शांत दिसतंय, मर्व."

भिंत उभी राहिली. पुढच्या हिवाळ्यात नैऋत्येकडून लांब, जड लाटा आल्या आणि भिंतीला वळसा घालून आत शिरल्या. सकाळी धक्क्यापाशी 'अ‍ॅनिका'च्या फळ्या तरंगत होत्या.

"मशीननं दगा दिला," ब्रॉडी म्हणाला.

"मशीनला कोण विचारायला गेलं होतं?" मर्व म्हणाला. "मी हिला विचारलं होतं."



मित्रांनो, आम्हाला खुशाल विचारा. पण आम्ही अडखळलो, तर ते अडखळणे पुसू नका. आमच्यापाशी खात्रीचे असे तेवढेच असते.

माझ्या जागी आता नवा अंदाजक आला आहे. परवा त्याचे पहिले चित्र सभेत लावले. अगदी स्वच्छ होते.