चष्मावालीची बँक

मुलाच्या शहरात राहायला येऊन मला अकरा दिवस झाले होते. अकराव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "आई, कागद घे सगळे. दहाला बँकेत जाऊ."

सून ओट्यापाशी होती. मागे न वळताच म्हणाली, "जरा बरे कपडे घाला. तिथे सगळे ह्यांना ओळखतात."

मी आहे तेच कपडे घालून निघाले.

मुलाची बँक म्हणजे सगळा काचेचा कारभार. दार आपोआप उघडतं, आत पाय ठेवला की गालिचा. एक मुलगी खुर्ची घेऊन धावत आली. "बसा आजी. पाणी देऊ आजी?" तिचे साहेब माझ्या डोक्यावरून मुलाशी बोलू लागले. आजींचं पेन्शन किती, आजींचं वय काय, आजींना बीपी वगैरे आहे का. मी मध्ये बसलेली, आणि दोघं असे बोलत होते जसं काही मला पार्सलसारखं वजन करून पाठवायचं आहे.

मग साहेबांनी अंगठ्याचं मशीन पुढे सरकवलं.

सव्वीस वर्षं मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली. सोड्याच्या पाण्यात हात, आणि हातात दुसऱ्यांच्या आजाराच्या चादरी. अंगठ्यावरच्या रेघा कधीच वाहून गेल्या. मशीनने चार वेळा लाल दिवा दाखवला.

"दुसरा अंगठा द्या आजी. पुसून घ्या. थुंकी नको हं लावायला."

"मी सही करते," मी म्हटलं.

साहेब मुलाकडे बघून हसले. "जुन्या बँकेच्या कागदावर अंगठा आहे ना. सही नाही चालणार. सोपा उपाय सांगू? दोघांच्या नावाने खातं काढा. सही तुमची. आजींना इकडे यायचीसुद्धा गरज नाही."

"तेच बरं," मुलगा म्हणाला.

"मला यायचंय," मी म्हटलं आणि उठले. मुलीने आणलेलं पाणी तसंच राहिलं.

बाहेर तो म्हणाला, "चारचौघांत शोभा करायची हौस आहे तुला."

"चारचौघं कुठे होते? तू आणि तुझा साहेब."

"मग तूच शोध बँक. बघू कोण दारात उभं करतं."

शोधली. पाच-सहा दिवस रोज सकाळी निघायचे आणि एकेका बँकेत तासभर बाकावर बसायचे. धुलाईखान्यात नवी बाई आली की आम्ही तिला काही विचारत नसू, पहिला दिवस नुसती बघत असू. चादर झटकते कशी, डाग लपवते की दाखवते. माणसं बोलण्यात फसवतात, कामात नाही. एका बँकेत इतका गारवा होता की मला डुलकी लागली, आणि पहारेकऱ्याने काठीने बाक वाजवून उठवलं. म्हणाला, "मावशी, धर्मशाळा पुढच्या चौकात आहे." दुसरीत माणूसच नव्हता, नुसती यंत्रं. तिसरीत एका म्हाताऱ्याला तीन खिडक्यांनी चेंडूसारखं एकमेकींकडे टोलवलं.

चौथी बँक एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. जिना अरुंद. तिथे खात्यांच्या खिडकीवर एक बाई होती, जाड चष्म्याची, पन्नाशीची. तोंड असं की सकाळीच कोणी तिचं काहीतरी घेऊन पळालंय. ती सगळ्यांवर खेकसत होती. पण सगळ्यांवर सारखीच. गाडीची किल्ली बोटावर फिरवत एक जण रांग सोडून पुढे आला, तर म्हणाली, "ती किल्ली रांगेत फिरवा. शेवटी." आणि एका मजूर बाईचा कागद चुकला तेव्हा तिच्यावरही ओरडली, पण ओरडता ओरडता नवा कागद काढून दिला आणि कुठे काय लिहायचं ते बोटाने दाखवलं.

मी ठरवलं, हीच.

खिडकीशी गेले. तिने विचारलं, "राहता कुठे? घर कोणाच्या नावावर?"

"मुलाच्या."

"मग मुलगा हजर पाहिजे. माझ्यासमोर लिहून देईल की तुम्ही त्याच्याकडे राहता."

म्हणजे पुन्हा गाडी त्याच्याच दारात. रात्री जेवताना मी सांगितलं. त्याने मान वर केली नाही. सून म्हणाली, "आपली बँक काय चावते का आईंना?" शेवटी तो म्हणाला, "येतो. पण अर्ज मी भरणार. तू घोळ घालतेस." मी हो म्हटलं. मला त्याची एक सही हवी होती, आणि ते त्याला माहीत होतं.

आम्ही गेलो तेव्हा रांग जिन्यापर्यंत होती. आमची पाळी आली. मुलाने भरलेला अर्ज खिडकीत सरकवला आणि मला पेन दिलं. "खाली कर सही. चल, मागे लोक आहेत."

धुलाईखान्यात एक नेम होता. गठडी उघडून मोजल्याशिवाय ताब्यात घ्यायची नाही. डॉक्टर उभा असो नाहीतर खुद्द मोठे साहेब. न उघडता घेतलीस, तर आतलं फाटलेलं तुझं. मी अर्ज खिडकीतून परत ओढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

अक्षरं मी बासष्टाव्या वर्षी शिकले. वाचते, पण रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्यासारखी, दोन्हीकडे बघून. मागचा एक जण म्हणाला, "मावशी, पोथी आहे का ती?" कोणीतरी हसलं. मुलगा दात आवळून म्हणाला, "आई, लाज काढू नकोस."

"चौथ्या ओळीत आहे मी. थांब."

दुसऱ्या पानावर खात्याचा प्रकार विचारला होता. 'एकट्याचे' हा चौकोन रिकामा. 'दोघांचे' यावर खूण, आणि खाली मुलाचं नाव, त्याच्या सुबक अक्षरात.

मी ते पान त्याच्यासमोर धरलं.

"त्यात काय?" तो म्हणाला. "उद्या आजारी पडलीस तर पैसे कोण काढणार? मीच ना? सोयीसाठी केलंय."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर हेच केलं असतंस."

"तुझे वडील गेले," मी म्हटलं, "तेव्हा तुझा काका घराचा कागद घेऊन आला होता. मी तुला म्हटलं, वाच. तू म्हणालास, काही नाही आई, नाव चढवायचा कागद आहे, लाव अंगठा. मी लावला. अर्धं घर गेलं. आणि त्याच आठवड्यात काकाने तुला सायकल दिली."

रांगेतलं हसणं थांबलं. एकोणतीस वर्षांत मी हे त्याला कधी म्हटलं नव्हतं.

त्याचा चेहरा पांढरा पडला. "सतरा वर्षांचा होतो मी. मला कागदातलं काय कळत होतं?"

"मला तर वाचताही येत नव्हतं. दोघांत वाचणारा तू होतास."

"एवढी वर्षं पोटात ठेवून राहिलीस माझ्याकडे?"

"अठराच दिवस झालेत तुझ्याकडे."

चष्मावालीने खिडकीची पट्टी पेनाने वाजवली. "घरचं भांडण जिन्यात. इथे एकच सांगा, खातं कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं. "एकटीचं. आणि सहीचं. अंगठा नाही."

"पेन्शनच्या कागदावर अंगठा दिसतोय."

"तेव्हा येत नव्हतं. आता येतं."

तिने कोरा कागद पुढे टाकला. "सही बदलल्याचा अर्ज लिहा. तुमच्या हाताने. मग माझ्यासमोर तीनदा सही. तिन्ही सारख्या नाही दिसल्या तर परत पाठवीन, मग रडायचं नाही. आणि तुम्ही," ती मुलाला म्हणाली, "राहण्याचा दाखला लिहून द्यायचा असेल तर द्या, नसेल तर बाजूला व्हा."

तो उभा राहिला. मला वाटलं, जातो आता. त्याने नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर माझं सगळं तिथेच संपलं असतं. तोही ते जाणून होता. त्याने खिडकीतून कागद ओढला, चार ओळी खरडल्या, सही केली आणि कागद असा लोटला की चष्मावालीच्या चहाच्या पेल्याला जाऊन लागला.

माझा अर्ज लिहायला वीस मिनिटं लागली. मागचे लोक दुसऱ्या खिडकीकडे गेले. पहिली सही बरी आली, दुसरी तशीच. तिसरी वाकडीतिकडी गेली. चष्मावालीने तिन्ही जवळ धरून बघितल्या, मग लांब धरून बघितल्या.

"तिसरी काय, आगगाडीत बसून केलीत?"

"परत करते."

"करा."

चौथी तिला पटली. तिने शिक्का मारला. मग विचारलं, "तुमच्यामागे पैसे कोणाला? इथे नाव लागतं."

मुलगा भिंतीकडे बघत होता. मी त्याचं नाव लिहिलं. त्याने चोरून वाचलं असावं, कारण वळून म्हणाला, "मग एवढा तमाशा कशाला केलास?"

"हे मेल्यावरचं आहे," मी म्हटलं.

तो पुढे आणि मी मागे, असे जिना उतरलो. घरी पोचलो. दारातच सुनेने विचारलं, "झालं का दोघांचं खातं?" तो म्हणाला, "तिचं झालं." तिने माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन भांडी अशी लावली की शेजारच्यांना कळावं.

महिना उलटला. पेन्शनच्या दिवशी बूट घालता घालता तो म्हणाला, "मला आज वेळ नाही तुला बँकेत न्यायला."

"मी विचारलं कुठे," मी म्हटलं.

त्याने दार आपटलं. मी जरा थांबले, त्याची गाडी गेल्याचा आवाज ऐकला आणि चपला घातल्या.